आंबेमोहर तांदळाची बिअर : पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीची नवी बॅच

सह्यकडा

पुण्यात सध्या एका छोट्या ब्रुअरीत आंबेमोहर तांदूळ घालून केलेली बिअर नळावर आहे. एकाच टाकीची बॅच आहे, संपली की संपली, म्हणून घाईने धागा काढतोय. इथल्या धोरणाप्रमाणे ब्रुअरीचं नाव लिहीत नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आधी चवीबद्दल. रंग फिकट सोनेरी, किंचित धूसर. फेस पांढरा, बारीक, ग्लास अर्धा होईपर्यंत टिकणारा. फळ्यावर अल्कोहोल ४.५ टक्के लिहिलंय. थंडगार असताना घोट घेतला तर हलकी, स्वच्छ, जेमतेम कडवट अशी बिअर लागते, त्यापलीकडे काही नाही. ग्लास थोडा वेळ टेबलावर राहिला की मात्र वास उघडतो. भात होत आला की झाकण काढल्यावर वाफेबरोबर येतो ना, अगदी तो. मागे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा आहे, पण तो पुढे पुढे करत नाही. शेवट कोरडा, त्यामुळे जिभेवर काही चिकटून राहत नाही आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

मला ही बिअर इतकी का आवडली ते सांगतो. डूलाली २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक म्हणून ती ओळखली जाते. नंतर इंडिपेन्डन्स आली, ग्रेट स्टेट आली, आणि आता तर दर रविवारी कुठे जायचं हा प्रश्न पडतो. ताजी बिअर म्हणजे काय हे या लोकांनी पुणेकरांना दाखवलं, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण माल्ट बऱ्याचदा जर्मनी-बेल्जियमचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) जर्मनी नाहीतर अमेरिकेचे, यीस्टही परदेशी पाकिटातलं. मग 'लोकल' करायचं म्हणून शेवटी टाकीत आंब्याचा रस ओतायचा नाहीतर चहाचा मसाला टाकायचा. त्यातल्या काही बिअर चांगल्या होत्या, नाही असं नाही, पण बिअर मूळची तीच राहायची. इथे धान्यच आपलं आहे. बिअरच्या अंगातच ते आहे.

दोन प्रश्न आहेत, जाणकारांनी सांगावं. एक, हा तांदूळ खरोखर मावळ-मुळशीचा असतो का, आणि ते ओळखायचं कसं? दोन, वर्ट (माल्टपासून काढलेला गोड रस) तासभर उकळून, मग आठवडे आंबवूनही तांदळाचा वास उरतो कसा?

तनुजा

मस्त धागा! बरोबर खायला काय घेतलंत? हलकी आणि कोरडी असेल तर आपल्या तिखटाबरोबर जमायला हवी. कडक आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) आणि ठेचा एकत्र घेतले की मला दोन्हींचा राग येतो.

सह्यकडा

तनुजा, तळलेले मासे आणि नंतर सुकं चिकन. माशांबरोबर फार सुरेख गेली. चिकनच्या मसाल्यापुढे वास हरवला, चव मात्र टिकली. तुमचं आयपीएबद्दलचं निरीक्षण अगदी पटलं. हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी धार लावतो.

खवय्या_कोथरूड

माझं मत जरा वेगळं आहे. बिअरमध्ये तांदूळ म्हणजे बचत, हे मी इतकी वर्षं ऐकत आणि पाहत आलोय. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या बाटलीत तांदूळ, मका, साखर असतेच. त्यातून अंग नसलेली, पाणचट बिअर होते. क्राफ्टवाले आजवर 'आमच्याकडे शंभर टक्के माल्ट' म्हणून वेगळे उठून दिसायचे. आता तेच तांदूळ घालणार आणि पाइंटला जास्त पैसे घेणार, तर मी ते का द्यावेत?

इसार

म्युनिचहून लिहितोय. खवय्या, तुमची शंका रास्त आहे, पण तांदळाच्या पदरी सगळा दोष टाकू नका. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि बोहेमियन ब्रुअर अमेरिकेत गेले तेव्हा तिथे त्यांना सहा-ओळींचा जव मिळाला. त्यात प्रथिनं जास्त. त्यातून केलेली लागर (थंडीत आंबवलेली बिअर) गढूळ आणि जड व्हायची. मका आणि तांदूळ घालून त्यांनी ती हलकी आणि पारदर्शक केली. म्हणजे सुरुवात झाली ती गुणवत्तेसाठी. तांदूळ तेव्हा तिथे स्वस्तही नव्हता. पुढे मोठ्या कंपन्यांनी सगळंच पातळ करत नेलं, ती वेगळी गोष्ट. जपानी लागरमध्ये तांदूळ सर्रास असतो, आणि त्यांना कुणी भेसळ म्हणत नाही.

माल्टवाला

सह्यकडा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी ब्रुअर आहे, पण तुम्ही म्हणताय त्या ब्रुअरीशी माझा संबंध नाही.

जवाचं माल्ट करताना त्यात एन्झाइम तयार होतात. मॅश (गरम पाण्यात कालवलेलं भरडलेलं माल्ट) साधारण ६२ ते ६८ अंशांवर तासभर धरला की ही एन्झाइम स्टार्चची साखर करतात. कच्च्या तांदळात ती ताकद नसते. शिवाय तांदळाचा स्टार्च फुलायला बऱ्याच जातींना ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. जवाबरोबर नुसता टाकला तर बराचसा वाया जातो. म्हणून तो वेगळ्या भांड्यात, थोडं माल्ट घालून आधी शिजवायचा. माल्ट घातलं नाही तर खळ इतकी घट्ट होते की पंप ती ओढत नाही. मग ही गरम पेज मुख्य मॅशमध्ये सोडायची. तिच्यामुळे मॅशचं तापमान किती चढेल याचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो, नाहीतर एन्झाइम मरतात आणि दिवस फुकट.

दुसरी अडचण गाळण्याची. जवाच्या टरफलांचा थर बसतो तीच आमची गाळणी. गिरणीत सडून घेतलेल्या तांदळाला टरफल नाही. प्रमाण वाढलं की थर चोंदतो आणि वर्ट उतरेनासा होतो. त्यावर उपाय भाताचाच: तूस धुऊन मिसळतात. मला ही गोष्ट फार आवडते, एकाच रोपाचा दाणा आत आणि कवच गाळायला.

आता वास. आंबेमोहर, बासमती, आपले बहुतेक सुवासिक तांदूळ, यांच्या वासामागचं मुख्य द्रव्य एकच, २-असिटिल-१-पायरोलीन. अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतं, म्हणूनच उकळूनही थोडंसं मागे राहिलं तरी भागतं. पण ते उडून जाणारं आहे आणि नाजूक आहे. त्यामुळे ब्रुअरने बाकीच्या सगळ्यांना गप्प बसवायला हवं. हॉप्स थोडे आणि फक्त सुरुवातीला. यीस्ट असं, जे स्वतःचे वास सोडत नाही. गव्हाच्या बिअरचं यीस्ट वापरलं तर केळं आणि लवंग येणार, मग आंबेमोहर शोधत बसा. मी असतो तर कोल्शचं (जर्मनीतल्या कोलोनच्या हलक्या बिअरचं) यीस्ट घेतलं असतं, १५-१६ अंशांवर आंबवून मग काही आठवडे थंडीत ठेवलं असतं.

खवय्या, खर्चाचं म्हणाल तर सुवासिक तांदूळ वेगळ्या भांड्यात शिजवून घेणं हा बचतीचा मार्ग नक्कीच नाही. दिवसाचं काम दोन-तीन तासांनी वाढतं.

निमा

सगळे कौतुक करताहेत, मला मात्र मनापासून वाईट वाटलं. आमच्या घरी आंबेमोहर म्हणजे बाळाचा पहिला भात, आजारी माणसाची पेज, नैवेद्याचा वरणभात. तो आधीच कमी पिकतो, महाग झालाय. तो टाकीत घालून दारू करायची? कुणाला दुखवायचं नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

इसार

निमा, तुमची काळजी खूप जुनी आहे आणि तिला मान द्यायला हवा. बव्हेरियात १५१६ चा जो प्रसिद्ध शुद्धतेचा नियम झाला (बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच, यीस्टचा तर उल्लेखही नव्हता) त्यामागे गहू आणि राय हे पावासाठी राखून ठेवायचे हाही विचार होता असं मानलं जातं. म्हणजे धान्य ताटात की पिंपात, यावर इथे पाचशे वर्षांपूर्वी सरकारने निर्णय दिला होता.

वाटसरू_रांची

निमाताई, थोडी भर घालते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही रांचीत असतो. इथे आदिवासी घरांमध्ये हंडिया करतात. भात शिजवून पसरायचा, निवला की त्यात रानू नावाची मुळ्या-वनस्पतींची आणि तांदळाच्या पिठाची गोळी कुस्करून मिसळायची आणि मडक्यात काही दिवस ठेवायचं. सरहुलला (वसंतातल्या सणाला), लग्नात, पितरांना अर्पण करायला हंडिया लागतेच. आसामकडे तशीच आपाँग आहे. त्यांच्यासाठी ताटातला भात आणि मडक्यातला भात यांत पवित्र-अपवित्र असा भेद नाही. तुम्हाला ज्या कारणासाठी आंबेमोहर जवळचा वाटतो, त्याच कारणासाठी त्यांना हंडिया जवळची आहे.

निमा

वाटसरू, हे माहीत नव्हतं, छान लिहिलंत. पण तिथे घरात पिकलेला भात घरातच राहतो. इथे तो पाइंटला पाचशे रुपये मोजणाऱ्यांसाठी जातो. माझी हरकत तशीच आहे.

डोंबिवलीकर

मुंबईकडे येईल का ही? आमच्या डोंबिवलीत गेटवे ब्रुइंग आहे, त्यांची व्हाइट झेन ही बिअर मुंबईभर मिळायची. मला वाटतं छोट्या ब्रुअरींनी पिंपं बाहेर पाठवायला हवीत.

माल्टवाला

डोंबिवलीकर, गेटवेची गोष्ट निराळी. ती पिंपं भरून बाहेर विकणारी ब्रुअरी आहे. मायक्रोब्रुअरी प्रामुख्याने जागेवर पाजते. ग्राउलरमधून (भरून न्यायच्या मोठ्या बाटलीतून) घरी नेता येते, पण या बिअरसाठी मी सुचवणार नाही. ग्राउलर भरताना हवा लागतेच आणि इतका नाजूक वास दोन दिवसांत मावळतो. आणायचीच तर थेट फ्रिजमध्ये, आणि त्याच रात्री संपवा.

संपादक मंडळ

धागा छान चालला आहे. आठवण म्हणून: महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. पिऊन गाडी चालवू नये. ब्रुअरीची नावं आणि दर व्यनिमध्येच ठेवावेत, प्रतिसादात जाहिरात होऊ देऊ नये.

भातखाचर

मुळशी तालुक्यातून लिहितोय. सहसा नुसता वाचतो, पण इथे बोलायलाच हवं.

आमच्याकडे आंबेमोहर आजोबांच्या काळापासून आहे. हे भात उंच वाढतं. परतीच्या पावसात वारा सुटला की आडवं पडतं, आणि पडलेलं भात कापणं म्हणजे काय ते कापणाऱ्यालाच विचारा. करपा लवकर येतो. उतारा इंद्रायणीच्या मानाने बराच कमी. म्हणून तर सगळे इंद्रायणीकडे वळले. इंद्रायणी हे आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेलं वाण, १९८७ साली आलं. वास थोडा आईचा, उतारा बापाचा. आम्हीही आता बहुतेक खाचरांत इंद्रायणीच लावतो, आंबेमोहर घरच्यापुरता आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांपुरता.

आता सह्यकडांचा पहिला प्रश्न. पुण्यात दुकानांत 'आंबेमोहर' म्हणून जेवढा तांदूळ विकला जातो तेवढा मावळ-मुळशी-भोरमध्ये पिकतच नाही. आंध्र, छत्तीसगडकडून आखूड, सुवासिक, दिसायला सारखे तांदूळ येतात आणि इथे नाव बदलतात. त्या तांदळांत खोट नाही, तिथल्या शेतकऱ्यानेही कष्टच केलेत. पण मग त्यांना त्यांच्या नावाने विका. आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे, तरी पोत्यावर काय छापायचं हे शेवटी व्यापारी ठरवतो.

ओळखायचं कसं? शिजवल्यावर आमचा भात मऊ होतो, दाणे एकमेकांना धरतात, मोडतात. सुटसुटीत मोकळा झाला तर शंका घ्या. बिअरमध्ये मात्र हे काहीच कळणार नाही. तिथे एकच उपाय: कुठल्या गावातून, कुणाकडून घेतला हे विचारायचं. ज्याने खरंच घेतला असेल तो नाव सांगेल.

निमाताई, तुमच्या हरकतीवर माझ्याकडे एक उत्तर आहे, पटतं का बघा. गिरणीत भात सडताना कणी पडतेच. अख्ख्या तांदळाला भाव, कणीला नाही. घरात पेज होते, उरलेली कोंबड्यांना जाते. वास मात्र कणीलाही तोच. बिअरला दाणा अख्खा असण्याची गरज आहे का, हे माल्टवाल्यांनी सांगावं. नसेल तर ताटातला भात ताटात राहील, आणि आम्हाला कणीचे दोन पैसे मिळतील.

माल्टवाला

भातखाचर, अजिबात गरज नाही. उलट कणी बरी, आम्ही तसेही दळून किंवा भरडूनच घेतो. फक्त कोंडा कमी हवा, कारण कोंड्यातलं तेल खवट झालं की बिअर लवकर शिळी लागते आणि फेस बसतो. ताजी, पाखडलेली कणी असेल तर कुठलाही ब्रुअर आनंदाने घेईल.

तनुजा

हा प्रतिसाद वाचण्यासाठीच मी धाग्यावर लक्ष ठेवून होते. भातखाचर, लिहीत राहा.

खवय्या_कोथरूड

माल्टवाला आणि भातखाचर, तुमच्या प्रतिसादांमुळे पिऊन बघायचं ठरवलं आणि गेलो. सह्यकडांनी लिहिलंय तसा ग्लास थांबवून प्यायलो. वास आहे, मान्य. पण मला अंग कमीच वाटलं. जेवणाबरोबर घेईन, नुसती बसून प्यायला मला स्टाउटच (काळी, दाट बिअर) हवी. पैशांबद्दलची तक्रार मागे घेत नाही. कणीवर केली तर दर कमी व्हायला हवा, नाहीतर तो फरक शेतकऱ्याकडे जायला हवा. मध्येच जिरायला नको.

सह्यकडा

सगळ्यांचे आभार. आज परत गेलो आणि ब्रुअरला गाठून सरळ विचारलं. तो मोकळेपणाने बोलला.

माल्टवाल्यांचा अंदाज खरा ठरला: कोल्शचं यीस्ट, हॉप्स फक्त उकळीच्या सुरुवातीला, तांदूळ वेगळा शिजवलेला. तांदळाचा थोडा भाग कढईत हलका भाजून घेतला होता, पिठूळ वास जावा म्हणून. गाळताना पहिल्या वेळी चांगलाच अडकला होता, आता तूस वापरतो.

तांदळाचं मूळ विचारल्यावर तो थांबला. मार्केट यार्डातून घेतला म्हणाला. पोत्यावर आंबेमोहर छापलेलं होतं, त्यापुढे त्याने विचारलं नव्हतं. हे सांगताना त्याने काही लपवलं नाही, ते मला आवडलं. पण मी या धाग्यावर 'धान्यच आपलं आहे' असं लिहिलंय, ते तेव्हाच खरं होईल जेव्हा त्याला गावाचं नाव सांगता येईल. फळ्यावर माल्टचं, हॉप्सचं नाव देशासकट लिहितात. तिथेच तांदळाचं गाव का नको? माझा आग्रह आता एवढाच आहे, आणि मी तो त्याला बोलूनही दाखवला.

भातखाचर, तुमच्या कणीबद्दल त्याला सांगितलं. तो एकदम उत्सुक आहे. पुढच्या बॅचला थेट घ्यायची तयारी आहे. तुमची हरकत नसेल तर व्यनिमधून दोघांची गाठ घालून देतो. आणि बॅच झाल्यावर उरणारा जवाचा चोथा गुरांना चालतो ना? सध्या तो रोज कुणाला तरी देऊन टाकावा लागतो.

भातखाचर

हरकत कसली, गाठ घाला. चोथा चालतो, पण ओला असतो, दोन दिवसांत आंबतो. गाडी परत येताना लगेच घेऊन येता आला तर म्हशी खुशीत खातील. सुरुवातीला थोडा थोडा द्यावा लागतो.

पण तांदळाची घाई नको. आत्ता माझ्याकडे आहे ती मागच्या हंगामाची कणी, तिचा वास उतरलाय. हा तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो पण वास कमी होत जातो. जेवणाला काही लोक मुद्दाम जुना मागतात. तुम्हाला वास हवाय, तर नवाच घ्या.

माल्टवाला

बरोबर, वासाचं ते द्रव्य साठवणीत कमी होत जातं. सह्यकडा, त्या ब्रुअरला माझ्याकडून एक सुचवा. बॅच दोन छोट्या टाक्यांत करा, माल्ट, यीस्ट, हॉप्स सगळं तेच. एका टाकीत आंबेमोहराची कणी, दुसरीत इंद्रायणीची, दोन्ही एकाच शिवारातली. नावं झाकून लोकांना द्या. आंबेमोहराचा फरक खरंच किती हे तेव्हा कळेल. फरक लागला नाही तर इंद्रायणीवर करावी, ती शेतकऱ्यालाही परवडते.

निमा

कणीवर होणार असेल तर माझा विरोध बराचसा मावळला. पिणार नाही, पण नावं झाकून वास घ्यायला बोलावलंत तर येईन. आंबेमोहर मला डोळे मिटूनही कळतो.

सह्यकडा

निमाताई, तुम्हाला बोलावणं पक्कं. ब्रुअरशी बोललो, दोन टाक्यांची कल्पना त्याने उचलून धरली. भातखाचर, दोन्ही कण्या कधी मिळतील?

भातखाचर

इंद्रायणी आमच्याकडे आधी कापणीला येतं, आंबेमोहर नंतर. मग झोडणी, वाळवण आणि गिरणीचा नंबर. पाऊस वेळेवर उघडला तर नोव्हेंबर संपता संपता दोन्ही कण्या वेगळ्या पोत्यांत, गावाचं आणि खाचराचं नाव लिहून देतो. पोती मी स्वतः घेऊन येईन, ती टाकी मलाही बघायचीय.